कावळ्याला दिलेला शब्द

प्रिय हरेश,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. खाडीच्या काठी तीच जागा, तेच भटजी, आणि तुला मुलगा नाही म्हणून विधीला पुन्हा मीच बसणार. तिथं चार माणसांसमोर मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी ती तुझ्या एकट्याच्या कानावर घालावी, म्हणून हे पत्र. भाऊ आहेस माझा. घरची बातमी तुला बाहेरून कळायला नको.

खरं तर हे काम आयूसनं करावं असं मला वाटत होतं. आईचा शब्द तू कधी खाली पडू दिला नाहीस. काल तिला म्हटलं, "आयूस, तूच बोल त्याच्याशी. तुझा ऐकंल तो." ती तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "शब्द तूच दिलास. आता फिरवाचा हाय त तूच सांग तुझ्या भावाला. मी न्हाय सांगनार."

मग काय करणार? ज्याची म्हैस त्यानंच दोर धरायचा. सांगतो.

दापोड्याच्या गोदामात, तुझ्या केबिनमध्ये बसून लिहितोय. तुझ्या खुर्चीत नाही हं! समोर पार्टी बसायची ना, त्या खुर्चीत. तुझ्या खुर्चीत वर्षभर कोणी बसलेलं नाही. मी एकदा बसलो होतो, पण पाठीला असं वाटलं की इथं आधीच कोणीतरी टेकलंय. उठलो.

हसशील. "दादूस, तू एवरी पुस्तका वाचतंस आन भुताला घाबरतंस?" घाबरत नाही रे. भावाला कोण घाबरतं? पण दुपारी गाड्या भरून निघाल्या, हमाल डबे उघडून बसले, की शटरवर दोनदा थाप पडते. अंगठीची. टण्, टण्. तू यायचास तशी. पहिल्या वेळी मी धावत जाऊन शटर वर केलं. बाहेर ऊन आणि रिकामं अंगण. वॉचमनला विचारलं, "कौन आया था?" तो म्हणाला, "कोई नहीं सेठ. पत्रा तपता है, तो बजता है."

बरोबर आहे त्याचं. पत्रा तापतो आणि वाजतो. पण दोनदाच वाजायचं त्याला कोणी शिकवलं?

दहाव्याच्या दिवसापासून हे सुरू झालं. त्या दिवशी तूही तिथंच होतास म्हणतात, म्हणजे तुला सगळं माहीत असणार. तरी एकदा माझ्या बाजूनं ऐक.

पिंड मांडून झाले होते. भात, वडे, तुझा दूध जास्त घातलेला चहा, शेजारी खारी. काठावरच्या मोठ्या भेंडीच्या झाडावर कावळे होते. एक तर अगदी खालच्या फांदीवर. मान वाकडी करून बघायचा आणि बघतच राहायचा. मी हात जोडून म्हटलं, "तुझ्या सुनंदाला काय कमी परू देनार न्हाय." तो हलेना. "आयूसला मी सांभालीन." हलेना. "गोदामातला तुझा हिस्सा प्राचीच्या नावावर ऱ्हाईल." त्यानं सरळ पाठ फिरवली. लोक कुजबुजायला लागले. ऊन चढत होतं. भटजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करूया का? शास्त्रात सोय आहे." तर आयूस मागून ओरडली, "गवताचा कावला नको मना! माझा पोर उपाशी न्हाय जानार!"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "आरं, पोरीच्या शिक्षनाचा बोल. तोच ध्यास व्हता त्याला."

मी म्हटलं, "हरेश, तुझ्या प्राचीला फायनान्स शिकवीन." तो फांदीवरून उडून कठड्यावर आला. आला आणि थांबला! सगळ्यांनी श्वास रोखलेले. माझ्या तोंडून पुढचं कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. "फायनान्सच करंल ती. दुसरा काय करनार न्हाय! दुसऱ्या कशाला हात लावनार न्हाय!"

आणि तो आला. सरळ पिंडावर. घास उचलला आणि खाडीच्या दिशेनं गेला.

आयूस रडली, सुनंदा रडली, मीही रडलो. मोकळं वाटलं, खोटं कशाला बोलू? तुझी प्राची तिच्या आईच्या मागे उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तो कावळा दिसेनासा झाला तरी ती तिकडेच बघत होती. मला वाटलं, पोर धीट आहे.

तुझा तो ध्यास कुठून आला, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? आपली भातजमीन गोदामासाठी भाड्यानं द्यायची ठरली तेव्हाची गोष्ट. कंपनीची दोन पोरं आली होती, शर्ट खोचलेली. लॅपटॉप उघडून बोलायला लागली. एवढं डिपॉझिट, तेवढं एस्कलेशन, इतकी वर्षं लॉक-इन. तू मान हलवत होतास. मीही हलवत होतो, कळत दोघांनाही काही नव्हतं. परत येताना मानकोलीच्या नाक्यावर चहा घेतला, तेव्हा तू मान चोळत म्हणालास, "दादूस, मान हलवून हलवून कल लागली रे! माझी पोर त्या टेबलाच्या तिकरच्या बाजूला बसंल. मग बघू कोन मान हलवतो ता!"

प्राची तेव्हा पाटीवर अंक गिरवत होती. त्या दिवसापासून ती तुझ्यासाठी फायनान्सची झाली.

चूक होतं असं मी म्हणत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण हरेश, त्याच सौद्यातली दुसरी गोष्ट तू सोयीनं विसरलास. आठवते का?

जमीन सपाट करायला मशीन आली होती. बांधाच्या कोपऱ्यात तो शेंदूर फासलेला दगड. साहेबानं विचारलं, "ये पत्थर किसका है? हटाना पड़ेगा." तू छाती काढून म्हणालास, "हमारा देव है." तो म्हणाला, "कौन सा देव?" तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे! लहानपणापासून नारळ फोडत आलो त्याच्यासमोर, आणि दोघांनाही सांगता येईना की हा कोण आणि इथंच का. मग भटजींना बोलावून पूजा केली आणि दगड उचलून कंपाउंडच्या भिंतीपाशी नेऊन बसवला. झालं!

ते कोडं सोडवलं तुझ्या पोरीनं. शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि आयूसच्या मांडीवर डोकं ठेवून विचारलं, "आजी, तो देव आधी कुठे राहायचा?" आयूस सांगायला बसली. म्हणाली, तिच्या सासूच्या वेळी उधाणाला बांध फुटला होता. खारं पाणी भातात शिरलं. गावातल्या साऱ्या बाया पदरात माती घेऊन धावल्या, आणि जिथं बांधाला पडलेली खांड बुजवली तिथं हा राखणदार बसवला. म्हणजे तो दगड पाण्याची वाट अडवून बसला होता! आणि आता? मोठी भरती आली की गोदामाच्या कुठल्या कोपऱ्यातून पाणी शिरतं? तूच बादल्या घेऊन धावायचास ना रे तिथं?

कंपनीच्या पोरांनी आकडे चुकीचे मांडले नव्हते. त्यांना सांगायचं काम आपलं होतं, आणि आपल्याच घरातली गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती.

तेव्हापासून प्राचीला तो नाद लागला. कोणत्या खाचराला काय नाव होतं, कोण कुठून आलं, लग्नात धवले का म्हणतात. आयूस एवढी नावाजलेली धवलारीण, गावोगावच्या लग्नांत हिच्या गाण्याशिवाय हळद लागायची नाही, पण घरात कोणी विचारलं होतं तिला, या ओळीचा अर्थ काय म्हणून? ही पोर मोबाइल पुढे धरून बसायची. तू आत यायचास आणि खेकसायचास, "गानी गोला करून पोट भरतंय का? पुस्तक घे!"

"पप्पा, गणितात पैकीच्या पैकी आहेत," असं म्हणून ती तुला गप्प करायची. तुझा चेहरा बघण्यासारखा व्हायचा! रागवायचं की पेढे आणायचे, हेच तुला कळायचं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

या थंडीत तिच्या कॉलेजातल्या मॅडमनी तिला पुण्याकडच्या एका शिक्षणाची माहिती दिली. चार वर्षांचं आहे. त्यात फायनान्सची डिग्री आहेच, पूर्ण, तू म्हणायचास तशी. पण तिच्या जोडीनं इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, माणसं कशी राहतात, कशी वागतात, हेही शिकायचं. त्याला लिबरल आर्ट्स म्हणतात. मी ती माहितीची पुस्तिका डिक्शनरी घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. सातवीत शाळा सुटली माझी, पण कागद अर्धा वाचून खाली ठेवायची सवय मला नाही, हे तू जाणतोस.

सुनंदाला समजावताना मात्र घाम फुटला. ती म्हणाली, "आर्ट्स म्हंजे कुठं नंबर लागला न्हाय की घेतात ता ना, भावजी?"

मी म्हटलं, "तसा न्हाय गो. फायनान्स म्हंजे भात समज. पोट भरतंय. पन नुसता भात किती खाशील? त्याच्यावर कालवन पायजेल का नको?"

"म्हंजे फायनान्स हाय ना त्याच्यात?"

"हाय."

"मग जाऊ दे की!" तिनं विषय संपवला. बायकांना कधी कधी अर्ध्या वाक्यात कळतं.

तू काय म्हणाला असतास तेही मला माहीत आहे. "दोन होऱ्यांत पाय ठेवनारा बुरतो, दादूस!" पण आपण खाडीची माणसं ना रे? एकाच बाजूनं वल्हं मारलं तर होडी कुठे जाते? जागच्या जागी गोल फिरते! बाबा होडी शिकवत होते तेव्हा तू अर्धा दिवस तशीच फिरवत बसला होतास, आणि काठावरची पोरं टाळ्या पिटत होती. विसरलास?

मुलाखतीला तिला घेऊन मीच गेलो. बाहेर झाडाखाली बसून राहिलो. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे असे चमकत होते! "मोठे बाबा, त्यांनी विचारलं की तुम्ही राहता तिथलं काहीतरी सांगा. मी दगडाचं सांगितलं. मग म्हणाले, त्या कोपऱ्याचं भाडं तू कसं ठरवशील? आम्ही सगळे भांडलोच त्याच्यावर! मला कोणी गप्पच केलं नाही!" येताना अख्खा रस्ता ती बोलत होती. तू गेल्यापासून तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

निवड झाली. सुनंदानं देवापुढे साखर ठेवली. आणि दुसऱ्याच दिवशी पोर म्हणाली, "मी नाही जाणार. ठाण्यालाच साधं फायनान्स करते. आईला एकटी कशाला टाकू?"

समजूतदार उत्तर वाटलं. आपल्याला आपली मुलं समजूतदार असली की फार बरं वाटतं ना? मीही खोलात गेलो नाही.

परवा सकाळी पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेलो. प्राची कठड्यापाशी उभी होती. रोज सकाळी ती तिथं तुझ्या नावानं घास ठेवते. आम्हाला त्याचं कौतुक. आयूस तर येईल त्याला सांगायची, "बापसाला घास ठेवल्याबिगर पोर पानी पीत न्हाय." कठड्यावर भाताचा घास होता, त्याच्यावर मुंग्या चढलेल्या. शेजारी आणखी एक, वाळून दगड झालेला, आदल्या दिवशीचा.

मी म्हटलं, "चल गो बाय, खाली चल. नाश्ता गार होतो."

"थांबा ना, मोठे बाबा."

"कोणासाठी?"

"अजून आला नाही."

"येईल तेव्हा येईल. कावळ्याला काय घड्याळ असतं? तू खाऊन घे."

"तो आल्यावर जेवते मी." तिचे ओठ कोरडे पडले होते.

"आणि नाही आला तर?"

तिनं तो वाळलेला घास दाखवला. मग म्हणाली, "काल नाही जेवले."

हरेश, टाकीपाशीच मी खाली बसलो. तीही बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दहाव्याला मी शब्द दिला, तेव्हा तो कसा कठड्यावर थांबला होता, आणि 'दुसरं काही करणार नाही' म्हटल्यावरच कसा खाली उतरला, हे तिनं डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं. तेव्हापासून ती रोज बघते आहे. इतिहासाचं पुस्तक उघडलं की दुसऱ्या दिवशी तो उशिरा येतो. आजीचं गाणं ऐकलं की घासाभोवती फिरून निघून जातो. हे सगळं तिनं मनाशी जुळवून ठेवलेलं! मुलाखतीला जाऊन आली आणि तो एक दिवस आला तर दुसऱ्या दिवशी येईना. म्हणून तिनं नकार दिला. पुस्तकं माळ्यावर टाकली. आजीची गाणी मोबाइलमधून पुसली.

"पुसलीस?" मी विचारलं.

"हो. तरी रोज येत नाही तो."

आणि मग तिनं विचारलं, "मोठे बाबा, मी दुसरं काही शिकले तर पप्पा परत उपाशी राहतील ना?"

काय सांगू मी तिला? तूच सांग! वर्षभर मला वाटत होतं की तू माझ्याकडे येतोस, दुपारी शटरवर थाप मारतोस. बरंही वाटायचं मनातून. आणि तू, की तुझ्या नावाचं दुसरंच काही, तिच्या ताटावर येऊन बसलं होतं! पोर वाळली तर सुनंदा म्हणायची पित्त झालंय. आयूस म्हणायची बापाची आठवण काढते. आम्ही सगळे कौतुक करत राहिलो आणि ती कावळा सांगेल तेवढंच जेवत होती.

हरेश, तू होतास का रे तो?

हे मला तुला विचारायचंच होतं. फांदीवर मान वाकडी करून बसलेला, माझ्याकडून एकेक शब्द काढून घेणारा, तू होतास? मला जो हरेश माहीत आहे, तो पोरगी जेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही. तिला ताप आला तर हा बाबा दोन दिवस चहावर. तो हरेश मेल्यावर तिला उपाशी ठेवेल? माझं मन म्हणतं, नाही. पण त्या दिवशी झाडाखाली बसून माझंच मन म्हणत होतं, हो, तूच. मनाचं काय घेऊन बसलास! वारा येईल तिकडे वळणारं ते पान.

म्हणून मी मनाला बाजूला ठेवलं आणि आठवत बसलो, की तू तुझ्या तोंडानं काय म्हणाला होतास. छातीत कळ आली, तुला गाडीत घातलं, आणि मानकोलीला ट्रकांच्या रांगेत अडकलो. तुझं डोकं माझ्या मांडीवर. तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "दादूस, पोरीचा बघ." बस. ना फायनान्सचं नाव, ना दुसरं काही नको म्हणालास. जितेपणी तू माझ्याकडे एवढंच मागितलंस. बाकीचं सगळं मी एका कावळ्याला देऊन बसलो, कारण ऊन चढलं होतं, माणसं बघत होती आणि आयूस रडत होती. दुसरा कोणी तिथं बसला असता तरी त्यानं हेच केलं असतं. पण बसलो होतो मी.

काल आयूसशी बोललो ते हेच. ती ऐकता ऐकता घाबरली. "कावल्यानं घास उचलला आन आता तू शब्द काढून घेनार? त्यो तिकरं उपाशी ऱ्हायला त?"

"आयूस, इकरं पोर उपाशी हाय तुझी!"

"त्याचा आत्मा भटकंल!"

"भटकू दे. जिवंत पोर वाळवून मेलेल्याचं पोट भरायचं, हा कुठला धरम?"

तिनं सुपातला खडा काढून टाकला. मग म्हणाली, "तू बाप न्हायस तिचा."

लागलं रे. फार लागलं. पण तिचंही बघ ना. पोटचा धाकटा पोर गेलाय. तिच्यासाठी तू अजून कुठेतरी ताटावर बसलेला आहेस, आणि मी तुझ्या पुढचं ताट ओढतोय. म्हणून म्हटलं, तूच बोल त्याच्याशी. तेव्हाच ती ते म्हणाली, तूच सांग तुझ्या भावाला म्हणून.

मात्र आज सकाळी मी चप्पल घालत होतो, तर दारातून आवाज आला. "पुन्याला थंडी लई परतं का रे?"

मी म्हटलं, "परतं थोरी."

"हं," म्हणाली आणि आत गेली. मी पुढे काही विचारलं नाही. शिजत आलेल्या भाताचं झाकण सारखं काढू नये.

कॉलेजला होकार कळवायची मुदत आजपर्यंत होती. मघाशी, इथं यायच्या आधी, प्राचीला समोर बसवलं. म्हटलं, "हा शब्द माझा होता. तू दिलेला नाहीस, तुझ्या बापानं मागितलेला नाही. मी दिला, मीच परत घेणार. त्याचं जे काय व्हायचं ते माझ्या डोक्यावर होईल, तुझ्या नाही." ती किती वेळ मोबाइलकडे बघत होती. मी खालून तिचा हात धरला. बटण तिनंच दाबलं.

मग मला म्हणाली, "आता पप्पा रागावतील का?"

मी म्हटलं, "रागावला तर मी थोरला आहे त्याचा. कान धरीन."

हसली. वर्षभरानं. पण हसताना तिची नजर खिडकीतून वर, गच्चीच्या कठड्याकडे गेली, हे मी पाहिलं. एका दिवसात सुटणारं नाही ते. मला कळतं. माझंही कुठे सुटलंय? हे लिहिताना दुपार झाली, हमाल जेवायला बसले, आणि आत्ताच शटर वाजलं. दोनदा. मी उठलो नाही. लिहीत राहिलो. तूच असशील तर ऐकत उभा राहा, तुझ्यासाठीच लिहितोय.

तर आता नीट ऐक. उद्या खाडीवर पिंड मांडून झाले, की मी हात जोडणार आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणणार, की गेल्या वर्षी दिलेला शब्द मी मागे घेतला. प्राची फायनान्स शिकेल आणि इतिहासही शिकेल, आजीची गाणी पुन्हा गोळा करेल, आणखी ज्या कशाला हात लावावासा वाटेल त्याला लावेल. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. कावळा आला तर आला. नाही आला तर मी त्याच्याशी सौदा करायला बसणार नाही. ताट तिथं ठेवून घरी येईन.

भूक लागली तर माझ्याकडे ये, हरेश. खरंच ये. रागावून ये, थाप मारून ये, खुर्चीत येऊन बस. मी जगेन तोवर माझ्या ताटातला अर्धा भात तुझा, आणि रोज मागितलास तरी मी कुरकुर करणार नाही. पण यायचं ते माझ्या दाराशी. तिच्या गच्चीवर पाऊल टाकायचं नाही.

आणि एक वचन देतो. भाऊ म्हणून देतो, समोर झाड नाही, भटजी नाहीत, कोणी बघत नाही. श्राद्धाच्या दिवशी पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरात चूल पेटली तरी कोणी तोंडात घास घालत नाही, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. उद्या ते मोडणार आहे. खाडीवर निघायच्या आधी मी प्राचीला पाट मांडून बसवीन, माझ्या हातानं गरम भात वाढीन, आणि तिचं ताट रिकामं झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकणार नाही. तुझा पिंड त्याच्यानंतर.

आधी ती जेवेल, हरेश.

तुझा,
दादूस